उजव्या गालावरची घडी

१

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जायचं म्हणून सुलक्षणा परब काळी साडी नेसून तयार झाली आणि सासूची पुतळ्यांची माळ काढायला तिने लोखंडी कपाट उघडलं. मखमली डबी जागच्या जागी होती. डबीत माळ नव्हती.

हळदीकुंकू तिथेच राहिलं. साड्या, चादरी, सासूबाईंची जुनी लुगडी, सगळं पलंगावर आलं. माळ मिळाली नाही. कपाटाचं कुलूप शाबूत होतं. किल्ली नेहमीसारखी सासऱ्यांच्या उशाखाली होती, आणि त्या उशाशी दिवसभर बसणारं माणूस एकच होतं. द्रौपदी.

बोरीवली पूर्वेच्या त्या सोसायटीत परबांचं घर पहिल्या मजल्यावर. जयवंत परब आयुष्यभर कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवून निवृत्त झाले आणि इथे येऊन राहिले. बायको राधा गेली. मग गेल्या वर्षी, पंच्याऐंशीच्या शिमग्याला, त्यांना झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि तोंडाची उजवी बाजू लुळी पडली. वाचाही गेली. 'ना, ना' एवढाच शब्द उरला, आणि होकाराला नि नकाराला तो एकच. मुलगा लवू बोटीवर इंजिनखात्यात होता, वर्षाकाठी एकदा रजेवर यायचा. सून सुलक्षणा वीजबिलांच्या कचेरीत जायची. म्हणून म्हाताऱ्याला बघायला दिवसाची बाई ठेवली होती. जालन्याकडची ही द्रौपदी कामाला चोख आणि बोलायला कमी.

लवू नेमका तेव्हा रजेवर होता. त्याने दारातच आवाज चढवला. जिन्यात बायका जमल्या.

"माळ कुठाय? सरळ विचारतोय."

द्रौपदीने आधी पलंगावरच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "काकांनी दिली. त्यांच्या नातीला."

"कुठली नात?"

"सुगंधाताईंची जया."

जिन्यातली कुजबुज थांबली. सुगंधा म्हणजे लवूची धाकटी बहीण. सहा वर्षांपूर्वी तिने टेलिफोन खात्यातल्या शिवदासशी लग्न केलं. शिवदास बौद्ध. जयवंतरावांनी तेव्हा दारात उभं राहून सांगितलं होतं, "तू आमका मेलंस." त्यानंतर सुगंधाने या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. निदान लवूची तशी समजूत होती.

"डिसेंबरात आले होते तिघं," द्रौपदी म्हणाली. "दादा बोटीवर, वहिनी कामावर. बापाला झटका आल्याचं कुठूनसं कळलं म्हणून ताई आल्या. काकांनी किल्ली काढून माझ्या हातात दिली, बोटाने डबी दाखवली. आणि कुणाला सांगू नको अशी खूण केली. म्हणून नाही सांगितलं."

मग तिने जयवंतरावांच्या गादीखाली हात घालून एक फोटो काढला. शिवदासने तो काढला होता आणि एक प्रत म्हाताऱ्यासाठी पाठवली होती. फोटोत फक्त जयवंतराव, छातीपासून वर. अंगात पांढरा शर्ट, गळ्यात पुतळ्यांची माळ, आणि तोंडभर हसू.

लवूने फोटो पाहिला, बापाकडे पाहिलं, आणि तसाच वर तिसऱ्या मजल्यावर गेला.

२

तिसऱ्या मजल्यावर डॉक्टर रत्नप्रभा सामंत राहायच्या. वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या मुलांना त्या शरीररचना शिकवत. कुणी रक्तदाब तपासा म्हणून आलं की म्हणायच्या, "मी मेलेल्या माणसांची डॉक्टर. जिवंतांसाठी नाक्यावर दवाखाना आहे." पण सोसायटीत काही हरवलं, कुणी निनावी चिठ्ठी टाकली, की लोक त्यांच्याकडे येत. बाईंना दिसतं बारीक, आणि त्या भीड धरत नाहीत, असा लौकिक होता.

"डॉक्टर, एवढंच सांगा," लवू म्हणाला. "हा फोटो डिसेंबरातला असू शकतो? आजचे बाबा असे हसतील?"

रत्नप्रभाबाई खाली आल्या. जयवंतराव उशांना टेकून बसले होते. बाई त्यांच्यासमोर वाकल्या. "काका, हसून दाखवा बघू."

म्हाताऱ्याने प्रयत्न केला. डावा ओठ वर गेला आणि डाव्या नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत एक खोल घडी पडली. उजवा गाल इस्त्री केल्यासारखा सपाट राहिला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं.

सुलक्षणाने मान दुसरीकडे वळवली.

"ही घडी बघ," बाई लवूला म्हणाल्या. "गालाच्या हाडापासून निघालेले स्नायू इथे ओठाजवळच्या कातडीला येऊन धरतात. ते ओढतात, ओठ वर जातो, गालाची चरबी त्याच्यावर चढते, आणि मधे घडी पडते. हसू दिसतं ते या घडीमुळे. स्नायूला मेंदूचा हुकूमच पोचला नाही तर ओढणार कोण? काकांच्या उजवीकडे तो पोचत नाही."

त्यांनी फोटो खिडकीपाशी नेला. फोटोत दोन्ही गालांवर घड्या होत्या, ठसठशीत.

"हा फोटो झटक्याच्या आधीचा आहे," त्या म्हणाल्या.

"आईच्या वेळचा असणार," लवू म्हणाला. "शिमग्याला बाबा काहीही सोंगं करायचे. सुगंधाकडे पडून असेल. माळ चोरून तिला पोचवली आणि वर हा पुरावा."

"ही नि सुगंधाचा नवरा, दोघं एकाच समाजाची," जिन्यातून कुणीतरी बोललं.

द्रौपदीने वाद घातला नाही. तिने आपली पिशवी उचलली, त्यातला डबा, ओढणी सगळं उलटं करून सगळ्यांना दाखवलं आणि पुन्हा भरलं. "मी उद्या वेळेवर येते," ती म्हणाली. "पळून गेली म्हणू नका."

लवू म्हणाला, उद्या चौकीवर जाऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नप्रभाबाई चहा गाळत असताना सुलक्षणा वर आली. तिच्या हातात आणखी एक फोटो होता.

"डॉक्टर, तक्रार माझ्या नावाने करायची आहे. माळ माझी होती. बाबांनी या दिवाळीत पाडव्याला ती कायमची माझ्या गळ्यात घातली. हे तेव्हा बोटीवर होते. शेजारच्या मुलीने फोटो काढला, ती आता लग्न होऊन बडोद्याला गेली."

फोटोत सुलक्षणा माळ घालून उभी, शेजारी खुर्चीत जयवंतराव. ते कॅमेऱ्याकडे बघून हसत होते. बाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"ही दिवाळी? झटक्यानंतरची?"

"हीच. शपथेवर सांगते."

जयवंतरावांच्या दोन्ही गालांवर घड्या होत्या.

३

रत्नप्रभाबाईंनी सुलक्षणाला काही सांगितलं नाही. लवूला मात्र गाठून बजावलं, दोन दिवस चौकीची पायरी चढू नकोस.

"का? तुम्हीच सांगितलं ना काल?"

"सांगितलं. आणि मी सांगितलं ते खरं असेल तर तुमच्या घरातही कुणीतरी खोटं बोलतंय."

त्यांनी सरळ कुर्ला गाठलं. सुगंधाचं घर टेलिफोन खात्याच्या वसाहतीत होतं. शिवदास नुकताच कामावरून येऊन हातपाय धूत होता. चार वर्षांची जया जमिनीवर बसून खडूने मांजर काढत होती. सुगंधाने काही न विचारता डब्यातून माळ काढून बाईंसमोर ठेवली.

"लपवायची असती तर दाखवली नसती," ती म्हणाली. "दादाला हवी तर घेऊन जा. मला माळेचं काय? आईची म्हणून ठेवली."

"त्या दिवशी काय झालं ते सांग. सगळं."

"दारातच पाय उचलेना माझा. द्रौपदीबाईंनी आत घेतलं. बाबांनी मला बघितलं आणि रडायला लागले. मला काही सुचेना. मग त्यांनी माळ काढायला लावली आणि जयाच्या हातात दिली. ह्या बयेने ती उलटी त्यांच्याच गळ्यात घातली आणि म्हणाली, आता तुम्ही नवरी. तर बाबा जे हसत सुटले." सुगंधा थांबली. "ह्यांनी तेवढ्यात कॅमेरा काढला."

"कॅमेरा माझा नाही, ऑफिसातल्या मित्राचा," शिवदास म्हणाला. "मला नीट जमत नाही. जया फोटोत येईल असं वाटलं होतं, नाही आली."

"फिल्म आहे?"

"मित्राकडे होती. त्याने टाकून दिली. कोण ठेवतो, मॅडम?"

"झटक्यानंतर तुझे बाबा उजव्या बाजूने हसूच शकत नाहीत, सुगंधा."

सुगंधाने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "पण हसले," ती म्हणाली. "आम्ही तिघांनी बघितलं. चौथ्या द्रौपदीबाई."

परतताना बाई बेचैन होत्या. ही माणसं त्यांना आवडली होती, आणि आवडलेली माणसंसुद्धा खोटं बोलतात हे त्यांना ठाऊक होतं. एक शंका होती ती त्यांनी मनातल्या मनात तपासून पाहिली. फोटो धुताना फिल्म उलटी लागली तर डावं उजवं होतं. पण शर्टाचा खिसा जयवंतरावांच्या डाव्या छातीवर होता, म्हणजे फोटो सुलटा होता. आणि तसाही दोन्हीकडे घड्या असल्यावर उलटासुलटा करून काय साधणार?

म्हणजे सून खोटी आणि लेकही खोटी. दोघींनी एकाच माळेसाठी दोन जुने फोटो पुढे केले. हिशेब बसत होता. फक्त एक गोष्ट त्यात कुठे बसत नव्हती. खोटं बोलणारी बाई माळ अशी विचारण्याआधीच समोर आणून ठेवत नाही.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या परबांकडे गेल्या. सुलक्षणा कामावर होती. सांगितल्याप्रमाणे द्रौपदी याही दिवशी वेळेवर आली होती आणि जयवंतरावांना पेज भरवत होती. लवू तिच्याशी न बोलता दारापाशी पेपर वाचत होता.

"काकांचे जुने फोटो हवेत," बाई लवूला म्हणाल्या. "झटक्याआधीचे, तारीख नक्की माहीत असलेले."

लवू माळ्यावरून ट्रंक काढायला स्टुलावर चढला. बाई तोवर भिंतीकडेच्या वेताच्या खुर्चीत बसायला गेल्या. खुर्चीवर फुलाफुलांची उशी होती, पण उशीखालचं वेत केव्हाच फाटलेलं होतं. घरच्यांना ते माहीत होतं. बाईंना नव्हतं. त्या बसल्या आणि उशीसकट आत गेल्या. गुडघे छातीला लागले, पाय हवेत, एक चप्पल उडून पलंगाखाली.

द्रौपदी वाटी ठेवून धावली. आणि पलंगावरून आवाज आला, "हु, हु, हु."

जयवंतराव हसत होते. खांदे हलत होते, डोळे मिटत आले होते.

लवूने स्टुलावरूनच "बाबांनू" म्हणून दटावलं आणि बाईंना उठवायला खाली उडी मारली. बाईंनी त्याला हाताने थांबवलं.

"थांब. मला उठवू नका."

"अहो, लागलं का?"

"लागू दे. बाबांकडे बघ. उजवीकडे बघ."

जयवंतरावांच्या दोन्ही गालांवर घड्या पडल्या होत्या. जो उजवा गाल रत्नप्रभाबाईंनी मेलेला ठरवला होता, तो वर चढला होता, ओठ ओढत होता. आणि उजवी घडी डावीपेक्षा खोल होती.

खुर्चीत तशाच अडकलेल्या अवस्थेत बाईंना पाच महिन्यांपूर्वी वर्गात स्वतःच सांगितलेलं एक वाक्य आठवलं. दरवर्षी सांगत. मुलं लिहून घेत. त्यांनी स्वतः ते कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, कारण त्यांच्या टेबलावरची माणसं हसत नसत.

"आता उठवा," त्या म्हणाल्या. "आणि ती ट्रंक आण. संध्याकाळी सुलक्षणा आली की मला हाक मार. द्रौपदीबाई, तुम्हीही थांबा."

५

संध्याकाळी सगळे त्या खोलीत होते. पलंगावर जयवंतराव, पायाशी द्रौपदी, खिडकीत लवू. सुलक्षणा कामावरून येऊन पर्सही न ठेवता उभी होती. रत्नप्रभाबाईंनी टेबलावर फोटो मांडले. या वेळी त्या लाकडी स्टुलावर बसल्या.

"आधी माझी चूक सांगते," त्या म्हणाल्या. "मी काकांना म्हटलं, हसून दाखवा. त्यांना उजवीकडे हसता आलं नाही. त्यावरून मी ठरवलं की त्यांना उजवीकडे हसू येतच नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुणी सांगितलं म्हणून आपण हसतो, तो हुकूम मेंदूच्या वरच्या भागातून निघतो. काकांचा तो रस्ता झटक्याने तुटला. पण गंमत वाटली म्हणून हसू येतं, ते खोलवरून, दुसऱ्या रस्त्याने येतं. तो रस्ता शाबूत आहे. गाल तोच, स्नायू तेच, घडी तीच. हुकूम कुठून आला एवढाच फरक."

"म्हणजे सुगंधाकडचा फोटो खरा?" लवूने विचारलं.

"खरा असू शकतो, इथवर आलो. डिसेंबरातलाच आहे हे अजून ठरलं नाही, कारण झटक्याआधीही काका हसतच होते. म्हणून हे जुने फोटो बघ. तुझ्या लग्नातला. गिरणीतल्या निरोपाचा. राधाबाईंबरोबर देवळातला. सगळीकडे डावी घडी खोल, उजवी उथळ. जन्मभर काका डावीकडे जास्त हसले. आता सुगंधाचा फोटो घे."

लवूने फोटो उजेडात धरला.

"उजवी खोल आहे," तो सावकाश म्हणाला.

"आज दुपारीही उजवीच खोल होती. अशा आजाऱ्यांत लुळी बाजू पुष्कळदा हसताना जास्तच ओढली जाते. वरून तिला आवरणारा लगाम राहिलेला नसतो. झटक्याआधी काका असे कधी हसले नाहीत. फोटो उलटाही छापलेला नाही, शर्टाचा खिसा बघ. हा फोटो झटक्यानंतरचा आहे, आणि माळ तेव्हा त्यांच्या गळ्यात होती. द्रौपदीबाई बोलल्या ते अक्षर न् अक्षर खरं."

द्रौपदीने पदर खांद्यावरून पुढे घेतला.

बाईंनी शेवटचा फोटो पुढे सरकवला, सुलक्षणाचा. "आणि हा. डोळे बघ काकांचे. उघडे, शांत. खरं हसू आलं की डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडतात, इथे एकही नाही. म्हणजे हे आलेलं हसू नव्हे. फोटो काढणाऱ्या मुलीने हसा म्हटलं, म्हणून हसलेत. कुणाच्या सांगण्यावरून हसलेत आणि तरी दोन्ही गालांवर घड्या, डावी खोल. हे झटक्यानंतर त्यांना जमणार नाही. हा फोटो गेल्या दिवाळीतला नाही, सुलक्षणा. झटक्याआधीच्या कुठल्यातरी दिवाळीतला आहे."

लवू बायकोकडे वळला. "तू मला सांगितलंस, याच पाडव्याला दिली."

सुलक्षणा पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळत होती.

"त्या दिवाळीला नुसती घालायला दिली होती," ती म्हणाली. "दरवर्षी द्यायचे. संध्याकाळी परत घ्यायचे."

"मग खोटं कशाला? सोन्यासाठी?"

"सोन्याचं नाव काढू नका." तिचा आवाज फारसा चढला नाही. "तुम्ही दहा महिने बोटीवर. हगणं मुतणं मी काढते रात्रीचं. ऑफिसला जायच्या आधी आंघोळ मी घालते. रोज म्हणते, बाबा, हसा. आणि ते मला वाकडं तोंड करून दाखवतात. रोज. मला वाटायचं, आजारी माणूस, चिडला असेल. मग द्रौपदीने गादीखालून तो फोटो काढला. सहा वर्षं जिने तोंड दाखवलं नाही, ती एका दुपारी आली तर तिच्यासाठी असे हसले. मला एकदा तरी हसून दाखवलं असतं, तर माळ काय, घर दिलं असतं मी सुगंधाला."

खाली मुलांचा क्रिकेटचा आरडाओरडा चालला होता.

लवू द्रौपदीसमोर जाऊन उभा राहिला. "चुकलं माझं," तो म्हणाला.

"मला इथे सांगून काय उपयोग, दादा?" द्रौपदी म्हणाली. "चोर म्हणालात ते जिन्यात म्हणालात."

लवूने मान हलवली आणि तो जिन्यात गेला. एकेक दार वाजवून तो काय सांगतोय ते आत ऐकू येत होतं. माळ द्रौपदीने घेतली नाही, चोरी नाही, बाबांनी नातीला दिली. शेवटच्या दारावर त्याने हेही सांगितलं की रविवारी बहीण, तिचा नवरा आणि भाची घरी जेवायला येणार आहेत. ते त्याने तिथेच ठरवलं असावं.

रत्नप्रभाबाई उठल्या. त्यांचा निकाल देऊन झाला होता. पण त्या गेल्या नाहीत. सुलक्षणाजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"मघाशी मी सगळं सांगितलं, एक राहिलं," त्या म्हणाल्या. "सुगंधाच्या मुलीपुढे त्यांना हसू आलं. मी खुर्चीत पडले तेव्हाही आलं. त्यात त्यांना काही करावं लागलं नाही. शिंक येते तसं ते येतं. तू हसा म्हणतेस तेव्हा मात्र त्यांना ते करावं लागतं. रस्ता तुटलाय, तरी तिथूनच पाठवतात. निम्मं पोचतं. तुला जे वाकडं दिसतं ना, ते तेवढंच पोचलेलं असतं. त्यांना नको असतं तर त्यांनी प्रयत्नच केला नसता. वर्षभर रोज केलाय."

सुलक्षणाने पर्स खाली ठेवली. ती पलंगाच्या कडेवर बसली. जयवंतरावांच्या हनुवटीवर दुपारची पेज वाळलेली होती, ती तिने पदराने पुसली. द्रौपदी उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिने दिवा लावला.

"बाबा," सुलक्षणा म्हणाली, "हसा बघू."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. कपाळावर आठ्या पडल्या, श्वास अडला, डावा ओठ थरथरत वर गेला आणि डाव्या गालावर घडी पडली. उजवा गाल जागचा हलला नाही. या वेळी सुलक्षणाने मान वळवली नाही. त्यांचं हसून होईपर्यंत ती समोर बसून राहिली.